उलटा अर्थ

होळी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामेभावाचा फोन आला. "ताई, भंगारवाला पाहून गेला. गाडी जागेवरच कापतो आणि तोलून नेतो म्हणतो."

कोणती गाडी, हे मला विचारावे लागले नाही. शहादे तालुक्यात मामांचे शेत आहे. तेथे गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली एक फार्गो मालमोटार मला कळू लागल्यापासून उभी आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले तिच्या केबिनमध्ये बसून सुरतेला आणि मुंबईला जाऊन येत असू. चालक अर्थातच मामेभाऊ असे आणि मी क्लीनर. तोच भाऊ आज पपई आणि केळी पिकवणारा पन्नाशीचा कर्ता शेतकरी आहे, आणि त्या जागेवर त्याला ठिबकच्या नळ्या ठेवण्यासाठी छप्पर घालायचे आहे. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षे जागची न हललेली वस्तू माणसाने किती काळ सांभाळावी?

"मामा काय म्हणतात?" मी विचारले.

"काही नाही. सकाळपासून तिच्या काचा पुसत बसलेत."

मग फोनवरच आमचा सौदा ठरला. इंजिनाची चिंता नव्हती. तीन वर्षांपूर्वी मामांच्या हट्टाखातर ते उघडून, साफ करून पुन्हा बसवले होते. अडले होते ते विजेपाशी. भाऊ म्हणाला, "आखाजीपर्यंत गाडी स्वतःच्या करंटवर चालू झाली तर राहील. नाही झाली, तर भंगारवाल्याला मी शब्द दिलाय." यंदा आखाजी, म्हणजे पुण्यामुंबईकडच्या वाचकांची अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. हाती सहा-सात आठवडे होते, आणि त्यातच माझे पेपर तपासणेही होते.

ही फार्गो काय वस्तू आहे ते आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनी एकच मालमोटार दोन नावांनी विकत असे, एका दुकानात डॉज आणि दुसऱ्या दुकानात फार्गो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. मामांची गाडी त्या आरंभीच्या काळातली, 1951 सालची. पुढे अशा पुष्कळ गाड्यांच्या मालकांनी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवून घेतले. मामांनी बसवले नाही. 1963 साली त्यांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली आणि वीस-एकवीस वर्षे चालवली. शहाद्याकडचा कापूस आणि भुईमूग, नंदुरबारच्या पथारीवरची मिरची, सगळे तिने वाहिले. (नंदुरबारला मिरची वाळत घालण्याच्या मैदानाला पथारी म्हणतात. हिवाळ्यात गावाच्या कडेला मैलभर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते आणि येणारेजाणारे शिंकत असतात.) गाडीच्या नोंदणीपुस्तकात जिल्ह्याचे नाव 'पश्चिम खानदेश' असे आहे. पुढे त्याचा धुळे जिल्हा झाला आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. गाडीने जागा सोडली नाही; जिल्हेच तिच्या भोवती बदलत राहिले.

विजेच्या कामासाठी भावाने पूर्वी एकदा प्रयत्न केला होता, आणि तोच आम्हाला भोवला. जवळच्या गावातील एका गॅरेजवाल्याला त्याने बोलावले. त्या गृहस्थाने बॉनेट उघडून पाहिले आणि सांगितले, "हे सगळं काढून टाका. बारा व्होल्टची बॅटरी, नवा अल्टरनेटर, नवी वायरिंग. एका दिवसात गाडी हातात." सल्ला वाईट नव्हता. नव्वद टक्के लोक हेच करतात, आणि ज्याला गाडीने रोज माल वाहायचा आहे त्याने हेच करावे. पण मामा कडाडले. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही दुसरे सामान घालून जी गाडी चालू कराल ती दुसरी गाडी असेल; माझी चालू झाली असे मला सांगू नका. तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, बरे, जुन्यावरच लावून पाहू. त्याने सहा व्होल्टची एक बॅटरी पैदा केली, जोडली, इंजिन चालू केले. क्षणात ठिणग्या उडाल्या, रबर जळल्याचा वास आला आणि डॅशबोर्डमागून धूर निघाला. त्यानंतर कुणी त्या तारांना हात लावला नव्हता.

मी नंदुरबारलाच शिकवते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांच्याकडून एका जुन्या मिस्तरींचा पत्ता मिळाला. स्टेशनच्या अलीकडे एका बोळात त्यांचे दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. अर्ध्या भागात त्यांचा मुलगा ई-रिक्षांच्या बॅटऱ्या विकतो आणि उरलेल्या अर्ध्यात हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ पाटावर बसून मोटारींचे डायनॅमो आणि सेल्फ बांधतात. म्हणजे बांधत असत. आता महिन्याकाठी एखाददुसरे काम येते, तेही बहुधा पाण्याच्या पंपाचे. मी 'सहा व्होल्टची फार्गो' एवढेच शब्द उच्चारले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

रविवारी त्यांना घेऊन आम्ही प्रकाशाचा तापीवरचा पूल ओलांडून मामांच्या शेतावर गेलो. मला वाटले होते, ते आधी इंजिनापाशी जातील. ते गेले बॅटरीपाशी. बॅटरीचे दोन्ही खुंट आणि त्यांवर बसवायचे शिशाचे पट्टे त्यांनी बोटांनी चाचपले. एक पट्टा ओरखडलेला, हातोडीने ठोकून ताणलेला होता.

"बॅटरी उलटी कोनी लाई?" त्यांनी विचारले.

भाऊ गडबडला. उलटी कशी? सगळ्या गाड्यांना असते तशीच जोडली होती, काळी तार चासीला.

"तेच तं," मिस्तरी म्हणाले. "या गाडीचा उलटा अर्थ आहे."

मराठीच्या प्राध्यापिकेच्या कानावर हे वाक्य कसे पडले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. मी क्षणभर चपापले. मग कळले, की हा अर्थ अमरकोशातला नव्हे, तारेचा. मोटारीत प्रत्येक दिव्याला जाणारी एक तार असते आणि परतीची वाट म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. त्याला म्हणायचे अर्थ. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडतात. पण 1955 सालापर्यंतच्या क्रायस्लरच्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला असे. बॅटरीचा धन खुंट ऋण खुंटापेक्षा किंचित जाड असतो, म्हणून त्यांचे पट्टेही लहानमोठे असतात. गॅरेजवाल्याला धन खुंटावर लहान पट्टा बसेना तेव्हा त्याने हातोडी चालवली. पट्टा बसत नाही याचा अर्थ त्याने शोधला असता तर पुढचे जळणे टळले असते.

आता मोटारीत वीज येते कोठून, हेही आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी पाहिलेले नसते. मीही पाहिले नव्हते. बॅटरी वीज करीत नाही, साठवते. वीज करतो तो डायनॅमो; इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो. आत लोखंडाच्या दोन खांबांवर तारेची वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये आर्मेचर गरगर फिरते. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या उभ्या पट्ट्यांचे कडे असते. त्यावर कार्बनचे दोन तुकडे घासत राहतात आणि वीज बाहेर काढतात. या कड्याला पाठ्यपुस्तकात 'दिक्परिवर्तक' असा भारदस्त शब्द आहे. मिस्तरी त्याला 'कॉमीटेटर' म्हणतात. परिभाषेविषयी माझी मते पक्की होती. या दीड महिन्यात ती थोडी ढिली झाली.

डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये एक काळी पेटी असते. तिच्यातले पहिले वेटोळे म्हणजे कटआउट. इंजिन मंद असताना डायनॅमोचा जोर कमी असतो. तेव्हा रस्ता मोकळा ठेवला तर बॅटरीतलीच वीज उलटी वाहून डायनॅमोत रिकामी होईल. म्हणून डायनॅमोचा जोर बॅटरीपेक्षा वर गेला की कटआउट टक् करून मिटतो आणि जोर उतरला की उघडतो. भावाने हे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह." मिस्तरींनी त्याच्याकडे प्रथमच आदराने पाहिले. पेटीतली दुसरी दोन वेटोळी जोर आणि प्रवाह मर्यादेत ठेवतात. सहा व्होल्टच्या गाडीत ही मर्यादा सव्वासातच्या आसपास राखावी लागते. त्याहून वर गेले की बॅटरीचे पाणी उकळते आणि दिवे उडतात.

बॅटरी उलटी जोडली तेव्हा काय घडले हे आता सांगता येईल. डायनॅमोच्या लोखंडात आपल्या जुन्या दिशेचे थोडे चुंबकत्व शिल्लक असतेच. तो जुन्या दिशेने वीज करू लागला, बॅटरी विरुद्ध दिशेची. कटआउट मिटताच दोघे एकमेकांना आवरण्याऐवजी एकमेकांत मिळाले आणि दोघांचा एकत्रित लोंढा त्या बारीकशा टोकांतून धावला. टोके वितळून एकमेकांना चिकटली. डायनॅमो भाजला.

मामा हे सारे खाटेवरून ऐकत होते. त्यांनी विचारले, "मेला का?"

मिस्तरींनी डायनॅमो खाली उतरवला होता. त्यावरची पितळी पाटी त्यांनी अंगठ्याने घासली: ऑटो-लाइट, टोलेडो, ओहायो. मग त्यांनी बॅटरीच्या तारा, या खेपेस सुलट, म्हणजे उलट, थेट डायनॅमोलाच लावल्या. डायनॅमोला वीज दिली की तो मोटारीसारखा फिरतो. जिवंत आहे की नाही ते पाहण्याची ही सोपी रीत आहे. दोन क्षण काही झाले नाही. मग खरखर आवाज करीत आर्मेचरने एक अर्धा वेढा घेतला आणि थांबले.

"हाऊ मरेल नही, निजेल शे," मिस्तरी म्हणाले.

परतताना डायनॅमो माझ्या मांडीवर होता. चांगली जड वस्तू आहे.

मामांना डायनॅमोविषयी एवढी आस्था का, ते मला आईने सांगितले. 1967 च्या हिवाळ्यात भुईमूग भरून मामा धुळ्याहून सुरतेकडे निघाले होते. कोंडाईबारीचा घाट चढताना रात्री डायनॅमो बंद पडला. पेट्रोलच्या गाडीचे असे असते, की ठिणगीसाठीही बॅटरीच लागते. दिवे लावले तर बॅटरी लवकर उतरणार, आणि ती उतरली की ठिणगी बंद, म्हणजे इंजिन बंद. भरल्या गाडीनिशी घाटात उभे राहायचे नसेल तर दिवे किंवा ठिणगी यांपैकी एक निवडायचे. मामांनी दिवे मालवले. क्लीनर कंदील घेऊन पुढे चालू लागला आणि त्याच्या धोतराच्या पांढऱ्या सोग्यावर नजर ठेवून मामांनी पहिल्या गिअरमध्ये घाट ओलांडला. विसरवाडीला पोहोचले तेव्हा उजाडत होते. तेथे मामांनी स्वतः डायनॅमो उघडला. कार्बनचा एक तुकडा अडकून बसला होता. घासून मोकळा केला आणि सुरत गाठली. "तेव्हापासून तुझ्या मामाला रस्त्यात दिवा नसलेली बैलगाडी दिसली तरी राहवत नसे," आई म्हणाली. "आणि माझं वऱ्हाड त्याच गाडीतून गेलं, हे तू लिहिणार असशील तर लिही." लिहिले.

त्या बोळातल्या पाटासमोर मी किती संध्याकाळी घालवल्या ते मोजले नाही. शेजारी एक स्टूल ठेवलेले असे, त्यावर माझ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मिस्तरी एक डायनॅमो तपासत आणि मी पाच उत्तरपत्रिका. त्यांचे काम माझ्यापेक्षा बारकाईचे होते, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम आर्मेचर ग्रोलरवर ठेवले. ग्रोलर म्हणजे विजेचे चुंबक बसवलेला एक खाचेचा ठोकळा. आर्मेचर त्याच्यात फिरवीत वरून करवतीचे पाते धरायचे. ज्या खाचेतल्या तारा आपसात भिडलेल्या असतील तेथे पाते थरथरू लागते. दोन खाचांवर ते टणटण वाजले. म्हणजे सगळे आर्मेचर सोडून पुन्हा बांधणे आले. नवी तार भरणारे अनेक असतात, पण जुनी तार सोडणे हे खरे काम. मिस्तरींनी एक शाळकरी वही उघडली आणि वेढा सोडीत सोडीत टिपण सुरू केले: तार किती जाड, एका खाचेत किती वेढे, ती किती खाचा ओलांडून उतरते, तांब्याच्या कोणत्या पट्टीला टाका. एक आकडा चुकला तर डायनॅमो फिरेल, पण वीज करणार नाही. मला हस्तलिखितांच्या पाठभेदांची आठवण झाली. पोथीचा नकलकार एखादी ओळ गाळून जातो तेव्हा तो पुढच्यांचे किती नुकसान करतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगते.

मी मध्येच विचारले, की सगळे तयार मिळत असताना हे बांधायचे कशाला, असे लोक म्हणत नाहीत का? "म्हणतात ना. माझा मुलगाच म्हणतो," मिस्तरींनी पलीकडे मान हलवली. अल्टरनेटर चांगलाच असतो. मंद इंजिनावरही वीज देतो, कार्बन फारसे झिजत नाहीत. गंमत अशी, की डायनॅमोला मोटारीतून बाहेर काढण्यात पुढाकार फार्गोच्याच घराण्याचा. क्रायस्लरने 1960 साली आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि काही वर्षांत बाकीचे त्या वाटेने गेले. तेव्हा डायनॅमो श्रेष्ठ म्हणून कुणी सांभाळत नाही. ज्याची गाडी आहे तिचा तो आहे, एवढेच.

खाचांत नवा कागद बसला, तार भरली गेली, वर बांबूच्या पातळ पट्ट्या ठोकून ती घट्ट झाली. मग वार्निशात बुडवून आर्मेचर पत्र्यावर उन्हात टांगले. आमच्याकडचे एप्रिलचे ऊन फुकट जात नाही. तांब्याच्या पट्ट्यांचे कडे झिजून मध्ये खोलगट झाले होते. ते लेथवर सरळ करून घेतले. पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक असते. तांबे झिजते, अभ्रक झिजत नाही, आणि ते वर आले की कार्बन त्यावर उड्या मारू लागतो. म्हणून पट्टीपट्टीमधले अभ्रक तांब्याच्या पातळीखाली एक मिलिमीटरभर कोरून काढावे लागते. त्यासाठी मिस्तरींकडे करवतीच्या तुटक्या पात्याचे, घासून बारीक केलेले एक हत्यार होते. शेवटी काचकागदाने कडे उजळले. मी मदत म्हणून पॉलिशपेपर पुढे केला, तर त्यांनी हात मागे घेतला. त्या काळ्या कागदाचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून वीज पार करतात. "घाई करशात तं बठ्ठं वाया जाई."

कटआउटची टोके मात्र वाचली नाहीत. कोनाड्यातल्या बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी मेलेल्या पेट्यांचा एक ढीग काढला, त्यातल्या एका जुन्या पेटीची टोके उतरवून आमच्या पेटीत बसवली आणि बारीक कानशीने एकमेकांवर सपाट केली. वेटोळी मूळचीच राहिली.

आता तारा. जुन्या तारांवर सुती विणीचे आवरण होते. बोट लावताच त्याची राख होई. माझ्याकडे काम आले ते प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधण्याचे आणि कागदावर नकाशा काढण्याचे. नव्या तारा मिस्तरींनी सुती नळीतून ओवल्या आणि लाखेच्या रोगणाने भरल्या. पण बॅटरीपासून सेल्फला जाणारी केबल त्यांनी पूर्वीच्या गॅरेजवाल्याने लावलेली काढून फेकली. ती बारा व्होल्टच्या गाडीची होती. बेचाळीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतो आणि सहा व्होल्टवर सात. जोर निम्मा तर ओघ दुप्पट. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला तारा जाड लागतात. लोक केबल बारीक लावतात, सेल्फ कुंथू लागतो, आणि मग सहा व्होल्टमध्ये दमच नाही असे म्हणतात. सेल्फ स्वतः ठणठणीत होता. या गाडीत तो किल्लीने फिरत नाही, पायाने दाबायचा आहे. त्याच्या बटणाचे तांबे घासले, एवढे पुरले. बॅटरी नव्याने करून घेतली, दोन-दोन व्होल्टचे तीन खण लाकडी पेटीत जोडून.

या धांदलीत भावाच्या मुलाने एक बातमी आणली. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले आहेत: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नोंदणीचे वीस हजार रुपये, आणि क्रमांकात 'व्हीए' अक्षरे. मामा खाटेवर उठून बसले. पण नियम पुढे वाचला तेव्हा असे निघाले, की ही सवलत दुचाकींना आणि माणसे नेणाऱ्या चारचाकी मोटारींना आहे. मालमोटार त्यात नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारींची आठवण सरकारने ठेवली. ज्यांनी मिरची वाहिली त्यांची ठेवायची राहून गेली. म्हणजे फार्गो चालू झाली तरी हमरस्त्यावर जाणार नाही, शेताच्या वाटेपुरतीच. मला वाटले, भाऊ आता सौदा मोडील. तो म्हणाला, "आखाजी म्हटलं म्हणजे आखाजी."

आखाजीच्या दिवशी घर माहेरवाशिणींनी भरले होते. सकाळी पितरांची घागर पुजली, कडुनिंबाला झोके बांधले. फांदी फार्गोच्या टपावरच असल्यामुळे पोरी झोका चढवून पायाने टपाला शिवून येत होत्या. मिस्तरी नव्या सदऱ्यात आले, आणि आले ते सरळ बॉनेटखाली शिरले. अकरा वाजता सगळे जोडून झाले. धन टोक सांगाड्याला, ऋण टोक सेल्फला. मोठा पट्टा मोठ्या खुंटावर, हातोडीशिवाय.

एक गोष्ट उरली होती. नव्याने बांधलेल्या डायनॅमोला आपली दिशा ठाऊक नसते. भाजण्यात आणि सोडण्यात लोखंडातली जुनी दिशा बिघडलेली असते. ती त्याला इंजिन चालू करण्यापूर्वी द्यावी लागते. काळ्या पेटीवर बॅटरीचा आणि आर्मेचरचा असे दोन स्क्रू असतात. एका तारेच्या तुकड्याने ते क्षणभर जोडायचे आणि लगेच तोडायचे. तेवढ्याने खांबांत चुंबकत्व भरते, बॅटरीच्या दिशेचे. मिस्तरींनी तार मामांच्या हाती दिली. मामांचा हात थरथरतो. पहिल्या खेपेस तार पेटीच्या झाकणालाच लागली आणि काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस स्क्रूंमध्ये निळी ठिणगी उडाली आणि तार आपोआप सुटली.

सेल्फ मामांनीच दाबला. चार-पाच खेपा नुसते गुरगुरणे झाले. मग इंजिन धरले, सुटले, पुन्हा धरले आणि चालू राहिले. झोक्यावरच्या पोरी खाली उतरल्या. सगळ्यांच्या नजरा डॅशबोर्डवरच्या अँपिअरच्या काट्याकडे. काटा मध्यावर निश्चल. मिस्तरींनी हाताने इंजिनाचा वेग वाढवला. पेटीतून टक् असा आवाज आला, काटा दचकल्यासारखा हलला आणि चार्जच्या बाजूला गेला. मग परत मध्यावर. भावाने माझ्याकडे पाहिले. मिस्तरी मात्र हसत होते. त्यांनी इंजिन बंद केले, पान्याने डायनॅमोचा पट्टा दोन सूत ताणला आणि पुन्हा चालू केले. आता काटा जाऊन तेथेच बसला.

मामा आईला म्हणाले, "आते दिवा लाव." तिने बटण ओढले. एक दिवा लागला. दुसऱ्याच्या आतला आरसा काळा पडला आहे. त्याचा प्रकाश पडतो तो कंदिलाइतका. त्याला चांदीचा मुलामा देणारा अजून सापडलेला नाही.

भंगारवाल्याला भावाने दुपारी फोन केला. छप्पर आता विहिरीच्या बाजूला घातले आहे, आणि त्यासाठी लागणारे पत्रे त्याने शेताच्या वाटेने फार्गोतूनच आणले. हे सांगताना तो जरा लाजतो.

मिस्तरींनी बिल दिनदर्शिकेच्या पानामागे लिहून दिले. त्यात जळक्या तारेच्या तांब्याचे पैसे भंगाराच्या भावाने वजा केलेले होते. मी त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट मागितली, त्यांच्या वह्या. 1969 पासून त्यांनी सोडलेल्या प्रत्येक डायनॅमोचे आणि सेल्फचे टिपण त्यांत आहे: डॉज, फार्गो, बेडफर्ड, शेव्हर्ले, मर्सिडीज. अशा सात वह्या. मुलाला त्यांचे काम नाही. मिस्तरी आधी संकोचले, अक्षर चांगले नाही म्हणाले. मग एकेक नेण्याच्या बोलीवर दिल्या. पहिली परत केल्याखेरीज दुसरी मिळत नाही.

सध्या तिसरी उतरवते आहे. अक्षर खरोखरच वाईट आहे आणि संक्षेप त्याहून. 'पा. से.' हे मला चार पाने लागले नाही. फोन केला तेव्हा कळले, पायाचा सेल्फ. पण काही नोंदींपुढे समासात लाल पेन्सिलीने 'उ. अ.' असे लिहिलेले असते, आणि त्याखाली दोन रेघा. त्यासाठी मला फोन करावा लागला नाही.